ब्रेकचं नंतर बघू

३ मार्च, मंगळवार

दादाने परत मला न विचारता हो म्हटलं. काम माझं, हात माझे, आणि हो म्हणायला हा.

गिऱ्हाईक दातांचा डॉक्टर आहे. निळी, बसकी, दोन सीटची स्पोर्ट्स कार. दहा वर्षं जुनी, पण काचेच्या कपाटात ठेवल्यासारखी जपलेली. इंजिन एकशे ऐंशी हॉर्सपॉवरचं. त्याला तीनशे हवेत. का, तर त्याच्या गाडीवाल्यांच्या क्लबातला एक बूटवाला व्यापारी चढावर त्याला मागे टाकून गेला. हे तो हसत हसत सांगत होता, पण कान लाल झालेले.

मी म्हटलं, होईल. टर्बो बसवावा लागेल. इंजिनात जास्त हवा कोंबायची, जास्त पेट्रोल जाळायचं, एवढाच त्याचा अर्थ. "पण..." म्हटल्याबरोबर दादाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. एकेचाळीस वर्षांची बाई मी! अजून टेबलाखालून पाय.

मी पाय काढून घेतला आणि बोलले. नुसतं इंजिन वाढवून भागत नाही. क्लच आहे तो टिकणार नाही. रेडिएटर मोठा लागेल. टायर रुंद लागतील. आणि ब्रेक. सगळ्यात आधी ब्रेक, कारण गाडी जितक्या जोरात पळेल तितक्याच जोरात कधीतरी थांबवावी लागेल.

डॉक्टर म्हणाला, "म्हणजे एका इंजिनाच्या खर्चावर अजून एका इंजिनाचा खर्च?"

"दोन," मी म्हटलं.

दादा हसला, जणू मी विनोद केला. डॉक्टरही हसला. मग म्हणाला, "आधी इंजिन करू. ब्रेकचं नंतर बघू." आणि दादा म्हणाला, "बघू की."

दाढ काढायला आलेल्या माणसाला हा डॉक्टर सांगतो का, आधी दाढ काढू, भुलीचं नंतर बघू?

५ मार्च, गुरुवार

दादाशी भांडण. वहिनी वरून चहा घेऊन आली आणि आमचे आवाज ऐकून कप जिन्यावरच ठेवून परत गेली.

दादाचं नेहमीचंच. "आपण नाही केलं तर तो दुसरीकडे जाईल. दुसरा काही सांगणारही नाही त्याला ब्रेकचं. निदान आपल्याकडे तू आहेस." गोड बोलून गळा कापण्यात ह्याचा हात कुणी धरणार नाही.

मी तीन वर्षांपूर्वीची टॅक्सीची गोष्ट काढली. काढायची नव्हती, पण काढली. स्टिअरिंगचा सांधा ढिला असताना ह्याने ती टॅक्सी परत दिली होती. टॅक्सीवाला रडला म्हणून. आणि कागदावर सही माझी ठोकून दिली! काही झालं नाही, नशीब त्या टॅक्सीवाल्याचं. दादा तेव्हा म्हणाला होता, पुन्हा असं होणार नाही. आज म्हणाला, "किती वर्षं तेच तेच उगाळशील?"

मरेपर्यंत उगाळीन. बाबांनी दोघांना सारखं शिकवलं. इंजिनात डोकं माझं चाललं, दादाचं गिऱ्हाइकांत चाललं. मान्य. पण पाटीवर अजूनही बाबांच्या नावापुढे "आणि चिरंजीव" आहे. मी काय पान्हे पुसायला होते?

शेवटी एवढं ठरलं. टर्बो बसवायचा, पण हवेचा दाब कमी ठेवायचा. दोनशे तीस हॉर्सपॉवर, त्याच्या वर नाही. तेवढ्याला जुने ब्रेक कसेबसे पुरतात. नवीन ब्रेक बसले की दाब वाढवून तीनशे करून द्यायचे. दाब इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून ठरतो. त्याला मी पासवर्डचं कुलूप घालणार. पासवर्ड मला माहीत आणि दादाला माहीत. तिसऱ्या कुणाला नाही.

९ मार्च, सोमवार

इंजिन उतरवलं. आतून इतकं स्वच्छ की राग थोडा गेला. थोडाच.

१४ मार्च, शनिवार

पाच दिवस मान वर केली नाही. टर्बोसाठी धुराची नळी मीच वाकवली, मीच जोडली. तयार मिळतात त्या इथे बसतच नाहीत, बॉनेटखाली मुठीएवढी जागा. डाव्या हाताला पोळलं आहे, म्हणून अक्षर असं.

आज गाडी रोलरवर चढवली. मागची चाकं रोलरवर फिरतात, गाडी जागच्या जागी पळते आणि किती ताकद आहे ते पडद्यावर उमटतं.

आता इथे खरं लिहिते, कारण हे कुणी वाचणार नाही. आधी दोनशे तीसवर चालवली. छान चालली. मग सगळे जेवायला गेले होते तेव्हा दाब पूर्ण वाढवला आणि एकदाच, फक्त एकदाच, शेवटपर्यंत चालवली. तीनशे सहा! आवाज असा की टेबलावरचे नट नाचायला लागले. बावीस वर्षांत हातून इतकं चांगलं इंजिन झालेलं नाही. मी एकटी उभी राहून हसत होते. वेड्यासारखी.

मग दाब खाली आणला, कुलूप घातलं. तीनशे सहाचा आलेख छापून घेतला आहे. टाकवेना. टेबलाच्या खणात ठेवला.

१७ मार्च, मंगळवार

गाडी दिली. डॉक्टरचं तोंड लहान मुलाचा फुगा फुटल्यासारखं. "दोनशे तीसच?"

मी म्हटलं, "ब्रेक बसवा, उरलेले सत्तर मी दहा मिनिटांत देते."

कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, २३० हॉर्सपॉवर, ब्रेक बदलेपर्यंत वाढवू नये. खाली माझी सही. ह्या वेळी खरी.

२४ मार्च, मंगळवार

आठवड्यात परत आला. क्लच घसरतो. पाय दाबला की इंजिन ओरडतं आणि गाडी तिथेच. माझ्या अंगावर आला, "तुम्ही चांगली गाडी बिघडवलीत."

मी म्हटलं, "मी ३ तारखेला काय सांगितलं होतं?"

"तारखा पाठ करून ठेवता का?"

हो, ठेवते. तारखा पाठ करते, लिहूनही ठेवते.

दादाने मध्ये पडून त्याला बसवलं, पाणी दिलं, क्लच बदलायला कबूल करून घेतलं. वर चाकंही. पांढऱ्या रंगाची, नवी, रुंद. ती डॉक्टरला एका नजरेत आवडली. ब्रेकचं विचारलं तर म्हणाला, "पुढच्या महिन्यात." चाकं दिसतात ना. क्लबात उभी करून दाखवता येतात. ब्रेक चाकाच्या आत असतात, त्यांना कोण वाहवा म्हणणार?

२९ मार्च, रविवार

मावशीकडे गेले होते. दिवसभर तिच्या गुडघ्यांची कहाणी. संध्याकाळी परत आले तर गॅरेजचं शटर अर्धं वर, जमिनीवर निळ्या गाडीच्या रुंद टायरांचे ठसे, आणि माझा लॅपटॉप उघडा. कॉम्प्युटरमधला दाब बदलायचा तो ह्याच लॅपटॉपवरून.

वर जाऊन दादाला विचारलं. म्हणाला, "डॉक्टर आला होता. तेल बघितलं."

"तेल बघायला लॅपटॉप लागतो?"

"ब्रेकचे भाव शोधत होतो त्याला दाखवायला. स्वस्तातले मिळतात का ते."

रविवारी. ह्याला कधी रविवारी गॅरेज उघडायची हौस आली होती? वहिनी म्हणाली, "अगं बस, जेवून जा." नाही बसले.

४ एप्रिल, शनिवार

निळी गाडी गेली.

पाण्याच्या टाकीकडून खाली येणारा वळणांचा रस्ता आहे, तिथे. सकाळी साडेसात. क्लबातले आठ-दहा जण होते, बूटवालाही होता. चढावर डॉक्टरने त्याला मागे टाकलं म्हणे. उतारावर ब्रेक तापले. ब्रेक तापून त्यातलं तेल उकळलं की पेडल नुसतंच खाली जातं, पाय हवेत गेल्यासारखा. शेवटच्या वळणावर गाडी सरळ गेली आणि रोपवाटिकेच्या भिंतीत घुसली. आत माळी होता, तो दोन मिनिटांपूर्वी पाइप आणायला गेला होता. दोन मिनिटं!

डॉक्टर जिवंत आहे. उजव्या मनगटाचा चुरा. उजव्या.

दोनशे तीसवर तो बूटवाल्याला चढावर मागे टाकूच शकत नाही. त्या माणसाची गाडी मला माहीत आहे.

६ एप्रिल, सोमवार

हॉस्पिटलात गेले. जायला नको होतं. डॉक्टरच्या हातातून सळया बाहेर आलेल्या, हात वर टांगलेला. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. खिडकीकडे बघत म्हणाला, "दाबला हो मी ब्रेक. दोनदा दाबला."

आणि मी काय म्हटलं? "मी सांगितलं होतं." त्या हाताकडे बघत, त्याच्या बायकोसमोर. ती उशी नीट करत होती, तिचा हात तिथेच थांबला.

लाज वाटायला हवी. वाटते आहे. पण रागापुढे जागाच उरत नाही दुसऱ्या कशाला.

९ एप्रिल, गुरुवार

विमा कंपनीचा सर्वेअर आला. बारीक, शांत माणूस, हातात फाइल. खुर्ची रुमालाने पुसून बसला. त्याने गाडीतला कॉम्प्युटर काढून तपासून घेतला आहे. म्हणाला, "तुमच्या कागदावर दोनशे तीस आहे. कॉम्प्युटरमध्ये दाब तीनशेच्याही वरचा लावलेला आहे. पासवर्ड कुणाकडे असतो?"

मी म्हटलं, "माझ्याकडे. आणि ह्याच्याकडे."

"बाहेरचं कुणी करू शकेल?"

"माझं कुलूप? नाही."

तो म्हणाला, मग तुमच्या दोघांपैकी कुणी केलं ते दोन आठवड्यांत लेखी द्या. ज्याने केलं असेल त्याचा गाडी-दुरुस्तीचा परवाना रद्द होईल, आणि भरपाईही त्याच्याच अंगावर.

तो गेल्यावर मी शटर ओढून घेतलं. "का केलंस?"

दादा म्हणाला, "मी नाही केलं."

"रविवारी तू होतास. लॅपटॉप उघडा होता. त्याने तुला काकुळतीला येऊन सांगितलं असेल आणि तू विरघळलास, त्या टॅक्सीवाल्यापुढे विरघळला होतास तसा."

"मी भाव बघत होतो. सांगितलं ना तुला."

मग त्याने स्टूल ओढून माझ्यासमोर घेतलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "हे बघ, मी रागावणार नाही. खरं काय ते मला सांग."

मला! चोराच्या उलट्या बोंबा. माझ्या हातात पान्हा होता. तो मी खाली ठेवला, मोठी गोष्ट केली.

१० एप्रिल, शुक्रवार

वहिनीने डबा दारात ठेवला. परत पाठवला.

१३ एप्रिल, सोमवार

लिहून दिलं. सर्वेअरच्या नावाने, दीड पान. २९ मार्चला मी गावात नव्हते. गॅरेज भावाने उघडलं. गाडी आली होती. लॅपटॉप उघडा होता. पूर्वीही एकदा असं झालं आहे, टॅक्सीचं. माझ्या सहीचं. सगळं तारखांनिशी.

चार वेळा वाचलं. एक शब्दही खोटा नाही. पोस्टात टाकलं.

वहिनीला कुठून कळलं कोण जाणे. जिन्यात गाठून म्हणाली, "पाठच्या बहिणीने असं करावं?"

मी म्हटलं, "मग थोरल्या भावाने कसं करावं, तेही सांग."

ती काहीतरी बोलणार होती. मग वळून वर गेली.

१७ एप्रिल, शुक्रवार

सर्वेअरच्या ऑफिसात दोघांना बोलावलं होतं. लांबट खोली, भिंतीला लोखंडी कपाटं, पंखा कर्कश. त्याने माझं पत्र दादासमोर ठेवलं. दादाने चष्मा लावून वाचलं. पान उलटून परत पहिल्यापासून वाचलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. कधी एकदा चिडतो असं झालं होतं. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

चिडला नाही. कागद घडीवर घडी घालून परत दिला. म्हणाला, "बरोबर आहे. मीच केलं. लिहून घ्या."

मग म्हणाला, "हिला काही माहीत नव्हतं, हेही लिहा. ते आधी लिहा."

काय हा मोठेपणा! आठ दिवस माझ्या तोंडावर नाही नाही म्हणत होता, आणि साहेबाच्या समोर मात्र एकदम हरिश्चंद्र. तेव्हाच कबूल केलं असतंस तर मी ते पत्र लिहिलं असतं का? खालच्या रस्त्यावर आल्यावर विचारलं, "आता का सांगितलंस?"

म्हणाला, "सोड ना आता. झालं." आणि रस्ता ओलांडताना माझ्या खांद्याला धरलं, लहानपणी शाळेत नेताना धरायचा तसं. मी खांदा झटकला.

२१ एप्रिल, मंगळवार

परवाना गेला त्याचा. भरपाईसाठी वरची जागा गहाण ठेवणार आहे. गॅरेज माझ्या नावावर करायचे कागद त्याने स्वतःच तयार करून आणले. मी वाचून सही केली. त्याने चहा विचारला, मी नको म्हटलं.

उद्यापासून तो मालाच्या गोदामात कामाला जाणार. टायर मोजायचे आणि नोंद करायची. चोपन्नाव्या वर्षी. मला वाईट वाटावं अशी अपेक्षा असेल तर असू दे.

२३ एप्रिल, गुरुवार

पाटी उतरवली.

२७ एप्रिल, सोमवार

गिऱ्हाइकांशी बोलणं म्हणजे डोकेफोड आहे. आज एकाला मी तोंडावर मूर्ख म्हटलं. तो होताही. गेला. दुसरा विचारत होता, "दादा कुठे आहेत? त्यांच्याशीच बोलतो." तिसराही तेच. दादा कुठे, दादा कधी येणार, दादांना सांगा. बावीस वर्षं त्यांच्या गाड्या मी दुरुस्त करते आणि ह्यांना दादा हवा!

वहिनी कचरा टाकायला खाली आली होती. मी बघितलं तर म्हणाली, "काय वन्सं, झालं ना आता मनासारखं?" इतक्या वर्षांत मला कधी वन्सं म्हटलं नाही तिने. अगं-तुगं करत आलो आम्ही. एवढंच बोलून वर गेली.

मी शटर धाडकन खाली ओढलं. बोट चेमटलं.

३० एप्रिल, गुरुवार

डॉक्टरने दवाखाना विकायला काढला, असं बूटवाला सांगून गेला. बोटं मिटतात, पण पकड येत नाही. बूटवाल्याला त्याच्या गाडीत जास्त ताकद हवी आहे. मी हातातलं फडकं टेबलावर आपटलं. म्हटलं, तुम्हाला खरंच काही कळत नाही का हो? तो म्हणाला, "इतकं तापायला काय झालं? ब्रेकसुद्धा करू ना."

बाहेर काढला त्याला. मग डब्यावर बसून राहिले. राग यायला हवा होता तसा आला नाही. एकटीला काही करायचं सुचत नव्हतं.

२ मे, शनिवार

डॉक्टरची बायको आली होती. बसली नाही, उभ्या उभ्याच बोलली. ३१ मार्चला ते दोघं शेजारच्या गावात एका गॅरेजवाल्याकडे गेले होते. त्याने तिच्या डोळ्यांदेखत पंधरा मिनिटांत माझं कुलूप उघडलं आणि दाब वाढवला. विमा बुडेल म्हणून नवऱ्याने तिला तोंड उघडू दिलं नाही. दादा गोदामात टायर मोजतो हे तिला काल कळलं. रात्रभर झोप लागली नाही म्हणाली. आता ती सर्वेअरकडे लिहून द्यायला गेली आहे.

मी वर गेले. दादा कामावर. वहिनीला दारातच सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघत बघत भिंतीला टेकली आणि खाली बसली.

"म्हणजे तूही केलं नव्हतंस?" म्हणाली. "अगं, खणातला तो तीनशे सहाचा कागद बघून आम्हाला वाटलं तूच केलंस. म्हणून तर ह्यांनी अंगावर घेतलं."